तांब्यापितळेच्या दुकानाच्या बॅकलिंक: नोफॉलो आणि डूफॉलो तपासणीच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, १६ जून २०२५

मुंबईतील तांबाकाट्यावरील एका जुन्या भांड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळाचे काम आजपासून आमच्याकडे आले. पिंप, घंगाळ, परात, पातेली, समया आणि देवपूजेची उपकरणी असा माल हे दुकान पिढ्यान्‌पिढ्या विकत आले आहे; ऑनलाइन विक्री मात्र करोनाच्या टाळेबंदीनंतरची आहे आणि ती मालकांची मुलगी पाहते. तिने पाठवलेल्या फाइलींमध्ये आधीच्या एजन्सीने दिलेली एक लांबलचक यादी आहे. यादीच्या माथ्यावर "डूफॉलो कॉमेंट बॅकलिंक" असे लिहिले असून खाली निरनिराळ्या ब्लॉगवर टाकलेल्या प्रतिक्रियांचे पत्ते आहेत. (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरून आपल्याकडे येणारा दुवा; शोधयंत्राने क्रमवारीत त्याला वजन द्यावे असा तो डूफॉलो, देऊ नये अशी खूण असलेला तो नोफॉलो.) दर महिन्याला यादीत भर पडत होती आणि दर महिन्याला पैसेही जात होते, परंतु शोधनिकालात दुकान पहिल्या पानावर कधी टिकले नाही, अशी मालकांची तक्रार आहे. हेच काम अधिक जोमाने करून घ्यावे की थांबवावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

धनत्रयोदशी यंदा १८ ऑक्टोबरला येते. भांड्यांच्या धंद्यात त्याहून मोठा दिवस नाही, त्यामुळे तपासणी, निर्णय आणि दुरुस्ती हे सर्व नवरात्रापूर्वी आटोपावे असे ठरले.

गुरुवार, १९ जून

यादीतील प्रत्येक पान उघडून त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, वाचण्याचे काम सुरू केले. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. कारण विकतच्या साधनांतील "डूफॉलो" हा रकाना त्या साधनाच्या क्रॉलरने (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने) ते पान शेवटचे पाहिले त्या दिवसापुरताच खरा असतो, आणि प्रतिक्रिया ही ब्लॉगमालकाच्या मर्जीवर राहणारी वस्तू आहे. ती आज असते, उद्या नसते. कधी मजकूर राहतो आणि फक्त नावावरचा दुवा काढला जातो.

कार्यालयातील नव्या सहकाऱ्यांसाठी येथे लिहून ठेवणे आवश्यक आहे की पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये डूफॉलो नावाची कोणतीही खूण नाही. दुव्याच्या "रेल" (rel) या गुणधर्मात काहीच लिहिले नसेल तर शोधयंत्र तो दुवा साधा दुवा मानते, आणि त्या साध्या दुव्यालाच या व्यवसायात डूफॉलो म्हणण्याची पद्धत पडली आहे. खूण असते ती नोफॉलोची, आणि २०१९ पासून तिच्या जोडीला यूजीसी (वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातील दुवा) आणि स्पॉन्सर्ड (मोबदला घेऊन दिलेला दुवा) या आणखी दोन खुणा आल्या. नोओपनर आणि नोरेफरर या खुणाही त्याच गुणधर्मात बसतात. त्यांचा क्रमवारीशी संबंध नसताना एजन्सीच्या यादीत काही ठिकाणी त्यांनाही नोफॉलो समजून बाजूला काढलेले आढळले.

केवळ दुव्याचा सोर्स पाहून भागत नाही, हेही आज दिसून आले. काही पानांवर दुव्याला काहीच खूण नव्हती, परंतु पानाच्या माथ्यावर रोबोट्सच्या मेटा टॅगमध्येच, म्हणजे शोधयंत्रासाठीच्या सूचनेतच, नोफॉलो लिहिलेले होते, म्हणजे त्या पानावरील एकूण एक दुव्याला ते लागू झाले. काही पाने नोइंडेक्स, म्हणजे शोधनिकालात घेऊ नयेत अशी सूचना असलेली, होती. काही ब्लॉगवर बाहेरचा प्रत्येक दुवा आधी त्यांच्याच एका मधल्या पत्त्यावर जातो आणि तो पत्ता रोबोट्स फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) क्रॉलरला बंद केलेला असतो. या सर्व ओळी यादीत "डूफॉलो" म्हणून मोजल्या गेल्या होत्या आणि त्यांचे बिलही तसेच लागले होते.

मंगळवार, २४ जून

वर्गवारी पूर्ण झाली. यादीतील बहुतांश दुवे एक तर नाहीसे झालेले आहेत किंवा नोफॉलो आहेत. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीवरील ब्लॉगची संख्या मोठी असल्यामुळे यात आश्चर्य काही नाही. वर्डप्रेसने फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीपासून प्रतिक्रियांतील दुव्यांना आपोआप नोफॉलो लावण्यास सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ या आवृत्तीत त्याला यूजीसीची जोड दिली. म्हणजे ब्लॉगमालकाने स्वतः खटपट करून ती खूण काढली नसेल, तर वर्डप्रेसवरील प्रतिक्रियेतून साधा दुवा मिळणे शक्यच नसते.

मालकांच्या मुलीने फोनवर विचारले की ही खूण मुळात कोणी आणि कशासाठी आणली. उत्तर थोडे लांबचे आहे, आणि पुढील निर्णय त्यावरच उभा असल्यामुळे येथे सविस्तर लिहितो.

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँकची पद्धत मांडली. त्यांची कल्पना अशी की एखादा वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर दुवे पकडत निरुद्देश फिरत राहिला, तर तो ज्या पानावर वारंवार पोहोचेल ते पान महत्त्वाचे. त्या गणितात प्रत्येक पान आपले वजन आपल्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांमध्ये वाटून देते. ०.८५ या गुणकामुळे वाचक कधीतरी दुवे सोडून भलत्याच पानावर उडी मारतो हेही धरले जाते. यात एक गृहीत होते: पानावरचा दुवा पान लिहिणाराच देतो, आणि देताना काहीतरी विचार करून देतो. ब्लॉग आले, प्रतिक्रियांची चौकट आली आणि ते गृहीत मोडले. आता पान एकाचे आणि दुवा कोणाही वाटसरूचा, अशी स्थिती झाली. औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती प्रतिक्रियांत कोसळू लागल्या, कारण दुसऱ्याच्या पानाचे वजन फुकट उचलण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

जानेवारी २००५ मध्ये गूगलने नोफॉलो जाहीर केले आणि याहू व एमएसएन यांनीही त्याला पाठिंबा दिला. खुणेचा अर्थ इतकाच होता की या दुव्याची जबाबदारी पानाचा मालक घेत नाही. दुवा वाईट आहे असे ती म्हणत नाही, आणि वाचकाला त्यावर क्लिक करण्यापासून अडवतही नाही. दोन वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये, इंग्रजी विकिपीडियानेही आपल्या बाह्य दुव्यांना ही खूण लावली, कारण तिथेही कोणीही येऊन दुवा टाकू शकत होते.

पुढची घडामोड जून २००९ ची आहे आणि ती आमच्या व्यवसायात अजूनही नीट समजली जात नाही. समजा एका पानाकडे वाटायला दहा गुण आहेत आणि त्यावर दहा दुवे आहेत, त्यांपैकी पाच नोफॉलो. पूर्वी उरलेल्या पाच दुव्यांना प्रत्येकी दोन गुण मिळत. त्यामुळे लोक स्वतःच्याच संकेतस्थळावर "आमच्याविषयी" किंवा "अटी व शर्ती" अशा पानांच्या दुव्यांना नोफॉलो लावून वजन विक्रीच्या पानांकडे वळवत असत. गूगलच्या मॅट कट्स यांनी २००९ मध्ये स्पष्ट केले की हा हिशेब आता बदललेला आहे: पाच साध्या दुव्यांना प्रत्येकी एकच गुण मिळतो आणि नोफॉलोच्या वाट्याचे पाच गुण कोणाकडेही न जाता विरून जातात. याचा प्रतिक्रियांशी थेट संबंध आहे. नोफॉलो प्रतिक्रिया टाकणाऱ्याच्या हाती गुण लागत नाहीत, आणि ज्याच्या पानावर ती पडली त्याच्या वाटणीत मात्र एक भागीदार वाढतो. जाणता ब्लॉगमालक अनोळखी दुव्यांची प्रतिक्रिया का उडवतो, याचे एक कारण हेही आहे.

शेवटचा बदल १० सप्टेंबर २०१९ चा. त्या दिवशी गूगलने यूजीसी आणि स्पॉन्सर्ड या खुणा जाहीर केल्या आणि नोफॉलोला आज्ञा न मानता सूचना मानण्याचे ठरवले. क्रॉल करणे आणि अनुक्रमणिकेत घेणे यांच्या बाबतीत ते १ मार्च २०२० पासून लागू झाले. त्यानंतर "आता नोफॉलो प्रतिक्रियांनाही वजन मिळते" असा प्रचार करून जुनी पॅकेजे नव्या नावाने विकली गेली. आमच्या हातातील यादीच्या उत्तरार्धात नोफॉलो दुवे इतके का वाढले, त्याचे उत्तर बहुधा यातच आहे. सूचना मानणे म्हणजे यंत्राने स्वतःची बुद्धी वापरण्याचा अधिकार राखून ठेवणे होय. एखाद्या विश्वकोशातील किंवा वृत्तपत्रातील नोफॉलो दुव्याकडे यंत्राने लक्ष द्यावे, हे समजण्यासारखे आहे. "छान माहिती, धन्यवाद" या वाक्याखाली चिकटवलेल्या दुव्यासाठी ते अधिकार वापरील, अशी आशा बाळगण्यास मला काहीही आधार दिसत नाही.

गुरुवार, ३ जुलै

खरोखर साधे असलेले, म्हणजे डूफॉलो, दुवे वेगळे काढून त्यांची पाने आज शांतपणे वाचली. संख्येने ते थोडे आहेत, पण प्रकल्पातील खरी माहिती याच गटात आहे.

यातील जवळजवळ प्रत्येक ब्लॉग बेवारस आहे. शेवटचा लेख कित्येक वर्षांपूर्वीचा, खाली प्रतिक्रियांचा ढीग, आणि त्या ढिगात कर्ज, जुगार, घड्याळांच्या नकला आणि वजन घटवण्याच्या गोळ्या यांच्या मधोमध आमच्या अशिलाचे नाव. नावही दुकानाचे नाही. नावाच्या जागी "तांब्याचे पिंप ऑनलाइन मुंबई" किंवा "पितळी समई स्वस्त दर" असे शब्द भरलेले आहेत. एका पानावर मोटारीच्या टायरविषयी लेख आहे आणि त्याखाली आमच्याकडून घंगाळाची शिफारस आहे. असे शब्द स्वतःचे नाव म्हणून कोणताही माणूस सांगत नाही, आणि हे ओळखायला फार हुशार यंत्र लागत नाही.

एके काळी मुद्दाम नोफॉलो काढून ठेवणारे भले ब्लॉगलेखकही होते. मनापासून प्रतिक्रिया देणाऱ्या वाचकाला काही परत द्यावे, अशी त्यांची भावना होती, आणि तसे जाहीर करणारी पदकेही ते ब्लॉगवर लावत. पण त्या पदकांच्या आधारेच याद्या तयार झाल्या, याद्या विकल्या गेल्या, आणि त्या भल्या माणसांपैकी बहुतेकांनी कंटाळून एक तर खूण परत लावली किंवा प्रतिक्रिया बंद केल्या. मागे उरले ते कोणी लक्ष न देणारे. म्हणजे ज्या प्रतिक्रियेतून आजही साधा दुवा मिळतो, ती बहुतेक वेळा कोणीच राखण करत नसलेल्या जागेतली असते. "डूफॉलो" हा शब्द यादीत गुणवत्तेची हमी म्हणून छापला होता. प्रत्यक्षात तो त्या पानाच्या दुर्लक्षाचा पुरावा आहे.

हे दुवे केवळ निरुपयोगी असते तर सोडून दिले असते. पण २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने पेंग्विन हा क्रमवारीच्या पद्धतीतील बदल आणला तेव्हा नेमके हेच केले होते: विक्रीचे शब्द जसेच्या तसे भरलेले, विषयाशी संबंध नसलेले दुवे ज्यांच्याकडे जात, त्यांना खाली ढकलले. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात चर्चांतील प्रतिक्रियांमध्ये आणि स्वाक्षरीत असे शब्द घालून टाकलेले दुवे आजही उदाहरण म्हणून दिलेले आहेत. त्या धोरणाच्या दृष्टीने नोफॉलो प्रतिक्रिया निरुपद्रवी ठरते, कारण तिने वजन मागितलेलेच नाही; डूफॉलो प्रतिक्रिया मात्र वजन मागत असते, आणि हिशेब तिचाच होतो.

बुधवार, ९ जुलै

दुकानात बैठक झाली. पावसामुळे गिऱ्हाईक कमी होते, तरी मागच्या बाजूने परातींच्या ठोक्यांचा आवाज चालूच होता. अहवालातील तक्ते मालकांनी बाजूला ठेवले आणि सरळ विचारले, "सगळं राहू द्या. पैसे गेले ते गेले. पण लिंक ती लिंक, एक चालते आणि दुसरी चालत नाही, असं कसं?"

मी म्हटले, "काका, तुमची परात चांगली आहे असं तुमचं गिऱ्हाईक शेजारणीला सांगतं, आणि तुम्हीच रस्त्यात उभे राहून ओरडून सांगता. ऐकणारा दोन्ही सारखं धरील का?"

"नाही धरणार," ते म्हणाले. "पण मग हे आधीच्या लोकांना ठाऊक नव्हतं काय?"

त्यांच्या मुलीने उत्तर दिले, "ठाऊक असणारच, बाबा. आपल्याला ठाऊक नव्हतं." यावर चहा आला आणि विषय संपला. प्रतिक्रियांचे पॅकेज बंद करण्यास त्यांनी तेथेच संमती दिली.

शुक्रवार, १८ जुलै

डिसअव्हाव फाइल द्यावी किंवा नाही, यावर कार्यालयात बराच वेळ चर्चा झाली. दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून निर्णयाची कारणे लिहून ठेवतो.

हे साधन गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे पेंग्विननंतर काही महिन्यांनी, दिले. साध्या मजकुराची फाइल, एका ओळीवर एक पत्ता किंवा संपूर्ण डोमेन, कमाल एक लाख ओळी आणि दोन एमबी. या फाइलीतील दुवे आमच्या बाबतीत धरू नयेत अशी ती विनंती असते. सहकाऱ्याचे म्हणणे असे की डूफॉलो गट लहान आहे, तो स्पष्टपणे पैसे देऊन टाकून घेतलेला आहे, मग फाइल देऊन मोकळे होण्यात तोटा काय?

माझे मत वेगळे पडले. पेंग्विनची चौथी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली तेव्हापासून त्याचे धोरण पूर्ण संकेतस्थळाला शिक्षा करण्याऐवजी अशा दुव्यांचे वजन काढून घेण्याचे आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून दुवे विकणारी व विकत घेणारी संकेतस्थळे ओळखण्यासाठी स्पॅमब्रेन ही यंत्रणाही वापरली जाते. गूगलची स्वतःची सूचना अशी आहे की माणसाने तपासून केलेली कारवाई, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन आली असेल, किंवा स्वतःच्या करणीमुळे ती येण्याची शक्यता असेल, तरच हे साधन हाती घ्यावे. सर्च कन्सोलमध्ये (गूगल संकेतस्थळाच्या मालकाला माहिती देते त्या साधनात) आमच्या अशिलाविरुद्ध मॅन्युअल अ‍ॅक्शनची कोणतीही नोंद नाही. शिवाय फाइल घाईने तयार केली तर चांगले दुवेही त्यात जाण्याचा धोका असतो. आधीच्या एजन्सीच्या यादीत एका खऱ्या पाककृतीच्या ब्लॉगवरील खरे संभाषण त्याच ढिगात टाकलेले मला आढळले.

शेवटी मधला मार्ग ठरला. फाइल तयार करायची, त्यात फक्त डूफॉलो गटातील बेवारस डोमेन घालायची, नोफॉलो दुव्यांना हातही लावायचा नाही, आणि फाइल पाठवायची नाही. मॅन्युअल अ‍ॅक्शन आल्यास ती त्याच दिवशी जाईल. ज्या ब्लॉगवर संपर्काचा पत्ता जिवंत आहे तेथे प्रतिक्रिया काढण्याची नम्र विनंती पाठवली आहे.

शुक्रवार, २५ जुलै

नोफॉलो दुव्यांवरून प्रत्यक्षात कोणी आले का, हे भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये पाहिले. येथे एक अडचण नमूद करावी लागेल: ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८५ पासून ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाला मागच्या पानाचा पूर्ण पत्ता देत नाही, फक्त डोमेन देतो, आणि दुव्याला नोरेफरर असेल तर तेवढेही मिळत नाही. मोजमापासाठी दुव्याला यूटीएमचे शेपूट (भेट कुठून आली हे सांगणारी जोड) लावता येते, पण प्रतिक्रियेत तसा दुवा दिसला की ती जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला तत्काळ कळते. म्हणून यूटीएम न वापरता डोमेनवरच भागवले.

चित्र स्पष्ट आहे. विकत घेतलेल्या प्रतिक्रियांवरून माणसे आलीच नाहीत. अपवाद वर उल्लेखलेल्या पाककृतीच्या ब्लॉगचा. तेथे एका वाचक बाईंनी विचारले होते की पितळेच्या पातेल्यात आमटीला चिंच घातली तर चालेल काय. मालकांच्या मुलीने स्वतःच्या नावाने, कल्हई उतरली आहे हे कसे ओळखावे ते पाच-सहा वाक्यांत सांगितले आणि शेवटी दुकानाचा पत्ता दिला. दुवा नोफॉलो आहे. त्यावरून लोक येतात, पाने वाचतात, आणि काहींनी कल्हई लावून मिळते का असे विचारणारे संदेशही पाठवले. क्रमवारीसाठी शून्य मानलेल्या या दुव्याने दुकानाला जेवढे दिले तेवढे उरलेल्या सगळ्या यादीने दिले नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

वरील संदेशांवरून पुढचे काम आपोआप ठरले. लोकांना कल्हईविषयी विश्वासाची माहिती हवी आहे आणि मराठीत ती एका ठिकाणी मिळत नाही. मालक आणि त्यांच्याकडे येणारे कल्हईवाले यांच्याशी बोलून एक सविस्तर पान लिहिण्यास घेतले आहे: भांडे का तापवतात, नवसागर कशासाठी टाकतात, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे साध्या भट्टीवरही ते कसे पसरते, कापसाच्या बोळ्याने ते फिरवण्याची घाई का असते, चिंच, आमसूल, ताक यांसारखे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत का ठेवू नयेत, आणि घासताना कोणती घासणी वापरू नये. तांब्याच्या पाण्याने अमुक रोग बरा होतो अशा धर्तीचे एकही वाक्य त्यात नको, ही अट मी घातली. मालकांना ती थोडी जड गेली, कारण शेजारच्या दुकानांचे फलक तेच सांगतात.

दुवे मिळवण्याच्या दृष्टीने या पानाचा हिशेब साधा आहे. दुसऱ्याने आपल्या लेखात, आपल्या इच्छेने, "अधिक माहिती येथे वाचा" असे म्हणावे यासाठी "येथे" काहीतरी असावे लागते. विक्रीचे पान हे काम करू शकत नाही. परातीच्या किमतीकडे कोण कशाला दुवा देईल?

बुधवार, २० ऑगस्ट

पान प्रसिद्ध झाले. त्याबरोबर मालकांच्या मुलीला प्रतिक्रियांविषयी काही नियम लिहून दिले. प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने द्यावी. नावाच्या जागी मालाचे शब्द घालू नयेत. उत्तर प्रतिक्रियेतच पूर्ण द्यावे, दुवा फक्त ज्याला आणखी वाचायचे त्याच्यासाठी. दुवा काढून टाकला तरी प्रतिक्रिया उपयोगी राहिली पाहिजे. ब्लॉगवर नोफॉलो आहे की नाही हे पाहण्यात वेळ घालवू नये. ज्या पानाखाली जुगाराच्या जाहिराती साचल्या आहेत तेथे दुवा साधा असला तरी लिहू नये.

हाच प्रश्न उलट बाजूनेही येतो, कारण कल्हईच्या पानाखाली दुकानानेही प्रतिक्रिया उघडल्या आहेत. वर्डप्रेसमध्ये दोन किंवा अधिक दुवे असलेली प्रतिक्रिया आपोआप मंजुरीसाठी थांबते. ती मर्यादा आम्ही एकावर आणली. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची प्रतिक्रिया वाचूनच प्रसिद्ध होईल. नोफॉलो यूजीसी जसे आहे तसेच राहील. उद्या एखाद्या मेहनती वाचकाने खरोखर मोलाचा दुवा दिला तर तो मूळ लेखात, त्यांच्या श्रेयासह, साध्या दुव्याने घेता येईल.

एका पाककृती लेखिकेने भांडे भेट दिल्यास लेख लिहिण्याची तयारी दाखवली आहे. मालक खूश आहेत आणि लेख यायला हरकत नाही, परंतु मोबदल्यात मिळालेला दुवा असल्यामुळे त्याला स्पॉन्सर्ड ही खूण लावावी, अशी विनंती आम्ही आधीच केली. "मग आपल्याला काय मिळालं?" या प्रश्नाला उत्तर: तिचे वाचक.

बुधवार, २७ ऑगस्ट

काल गूगलने ऑगस्ट २०२५ चे स्पॅम अपडेट सुरू केले; जाहीर निवेदनात दुव्यांचा वेगळा उल्लेख नाही. ते पूर्ण होईपर्यंत संकेतस्थळाच्या रचनेत काहीही बदलायचे नाही. आज गणेश चतुर्थी असल्यामुळे कार्यालय बंद आहे, आणि पितळी ताम्हण व निरांजनांच्या ऑर्डरी कालपर्यंतच जाऊन पोहोचल्या आहेत.

मंगळवार, २३ सप्टेंबर

अपडेट काल पूर्ण झाले. सर्च कन्सोलमधील आधीचे आणि नंतरचे आठवडे शेजारी ठेवले. ज्या दोन विक्रीपानांकडे जुन्या प्रतिक्रियांचे दुवे सर्वाधिक जात होते, ती आपल्या मुख्य शब्दांसाठी थोडी खाली गेली. कल्हईचे पान वर सरकत आहे. मालकांना कळवताना मी ही घसरण थेट त्या दुव्यांच्या नावावर टाकलेली नाही, कारण याच काळात गणपतीमुळे शोधांचे स्वरूपच बदललेले असते. मात्र त्यांना हे सांगणे आवश्यक होते की गूगलच्या मार्गदर्शनानुसार दुव्यांच्या स्पॅमचा परिणाम एकदा काढून घेतला गेला की त्या दुव्यांमुळे मिळालेला लाभ परत मिळत नाही, आणि दुवे काढल्यामुळेही तो परत येत नाही. म्हणजे जुन्या यादीचा पाठपुरावा करण्यात आता एकही तास घालवू नये. ज्या ब्लॉगमालकांना विनंती पाठवली होती, त्यांच्यापैकी मोजक्यांनी उत्तर देऊन प्रतिक्रिया काढल्या; उरलेल्यांना पुन्हा विचारणार नाही.

डिसअव्हाव फाइल अजूनही आमच्याकडेच आहे. मॅन्युअल अ‍ॅक्शन नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कल्हईच्या पानाला दोन दुवे मिळाले. एक स्वयंपाकाविषयीच्या मराठी संकेतस्थळावरील लेखात, परिच्छेदाच्या मध्यात, "कल्हई उतरल्याची लक्षणे" या शब्दांवर, कोणतीही खूण न लावता. दुसरा एका वृत्तसंकेतस्थळावर, जेथे बाहेरच्या सर्व दुव्यांना सरसकट नोफॉलो लागतो. सहकाऱ्याने दुसऱ्याच्या संपादकांना खूण काढण्याविषयी लिहावे का, असे विचारले. लिहू नये, असे ठरले. त्यांनी वाचून, स्वतः निवडून दुवा दिला आहे. खूण हा त्यांच्या घरचा नियम आहे आणि यंत्राने तो सूचना म्हणून कसा घ्यायचा हे यंत्र पाहील. वाचक दोन्हीकडून येत आहेत, आणि संख्येने नोफॉलोकडून अधिक.

दुकानाकडे सोपवायच्या नोंदवहीचा तक्ता आज पक्का केला. आधीच्या एजन्सीच्या तक्त्यात पहिला रकाना डूफॉलो-नोफॉलोचा होता. नव्या तक्त्यात पहिला रकाना "दुवा कोणी दिला" असा आहे, त्यानंतर "कोणत्या वाक्यात", मग "तेथून लोक येतात का", आणि अगदी शेवटी खुणेचा. पहिल्या रकान्यात "आम्ही स्वतः" असे उत्तर आले तर खुणेचा रकाना भरण्याची गरज नाही, अशी टीप मुलीने स्वतःच तक्त्याखाली लिहिली.

तिने आज आणखी एक संदेश पुढे पाठवला: दिवाळीनिमित्त सवलतीत शेकडो "हाय ऑथॉरिटी डूफॉलो कॉमेंट" देणारी एक नवी एजन्सी. ज्या आकड्याला ते ऑथॉरिटी म्हणतात तो खासगी साधनांचा अंदाज आहे, गूगलचा नाही. गूगलने आपला सार्वजनिक पेजरँक दाखवणे २०१६ मध्येच बंद केले. तिला तेवढे दोन ओळींत कळवले. दुव्यांची पुढील यादी धनत्रयोदशीची गर्दी ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढायची आहे. तोपर्यंत कल्हईच्या पानावर मंजुरीसाठी थांबलेल्या प्रतिक्रिया रोज संध्याकाळी दुकान बंद होण्यापूर्वी तीच वाचणार आहे.